'प्लॅनेटीस'मधली टॉय बॉक्स रोज नवा कचरा गाठते, हे शक्य आहे का?

तुमचा प्रश्न असा: मालवणात मित्रमंडळी मिळून 'प्लॅनेटीस' ही अंतराळातला कचरा गोळा करणाऱ्यांची जपानी अ‍ॅनिमे मालिका बघताय, एकजण म्हणतो सगळं शास्त्रशुद्ध आहे, दुसरा म्हणतो कार्टून आहे. टॉय बॉक्स (त्यातलं कचरा गोळा करणारं यान) आज हा तुकडा, उद्या तो, असं करत फिरते ते खरं मानायचं का?

धोका खरा आहे, नोकरीही खरी वाटते. इंधनाचा हिशेब मात्र जुळत नाही.

आधी खरं काय ते. मालिकेतल्या युरी या पात्राची बायको ज्या अपघातात जाते, त्यात एक छोटा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो. यात काहीच वाढवून सांगितलेलं नाही. कक्षेतल्या दोन वस्तू समोरासमोर आल्या की टकरीचा वेग सहज सेकंदाला 10 किलोमीटर होतो. 10 ग्रॅमच्या स्क्रूची तेव्हाची ऊर्जा 5 लाख ज्यूल. चिरे भरलेला 10 टनांचा ट्रक ताशी 36 किलोमीटरने येऊन धडकला तर तेवढीच, आणि इथे ती सगळी नखाएवढ्या जागेत. 2009 साली इरिडियम 33 आणि कॉसमॉस 2251 हे उपग्रह एकमेकांवर आदळले, त्यातून असेच हजारो तुकडे झाले.

आता गोची. मालवणहून निघालेल्या होडीला सुकाणू फिरवून वळता येतं, कारण पात्याला रेटायला पाणी असतं. कक्षेत रेटायला काही नाही. तुमचा वेग सेकंदाला 7.7 किलोमीटर आणि दिशा बदलायची तर इंजिनच चालवायचं. कक्षेचं प्रतल, म्हणजे ती ज्या सपाट पातळीत असते ती पातळी, फक्त 10 अंशांनी वळवायला सेकंदाला 1.34 किलोमीटर एवढा वेगबदल लागतो. इंजिनच्या झोताचा वेग सेकंदाला 3 किलोमीटर धरला तर यानाच्या एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग एकाच वळणात जळतो. मग परत कशाने येणार?

उलट तुकडा त्याच प्रतलात, त्याच उंचीवर 10 किलोमीटर पुढे असेल तर काम स्वस्तात होतं. फक्त पुढे जोर मारायचा नाही. जोर मारला की कक्षा वर जाते, फेरी लांबते आणि तुम्ही मागे पडता. ब्रेक मारून साधारण 1 किलोमीटर खाली उतरा, एका फेरीत (सुमारे दीड तास) जवळजवळ साडेनऊ किलोमीटर पुढे सरकाल. उतरून परत चढायला मिळून सेकंदाला जेमतेम 1.1 मीटर वेगबदल. 1340 मीटर कुठे आणि हे कुठे! मित्रांशी वाद घालायचा तर या दोन आकड्यांवर घाला.

मधला एक मार्ग आहे, थांबण्याचा. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने कक्षेची प्रतलं हळूहळू फिरत राहतात, आणि खालच्या कक्षेची जास्त वेगाने. दोन्ही कक्षांचा विषुववृत्ताशी असलेला कल सारखा असेल तर खाली वाट बघत राहून प्रतलं जुळू देता येतात. पण त्यात आठवडे किंवा महिने जातात, मालिकेच्या एका भागात दोन मोहिमा बसत नाहीत.

पकडण्याचं काम वेगळंच. 2012 मध्ये संपर्क तुटलेला एन्व्हिसॅट हा उपग्रह सुमारे 8 टनांचा आहे आणि स्वतःभोवती फिरतो आहे. आधी फिरणं थांबवल्याशिवाय हात लावला तर फिरकी तुमच्याच यानात येते.

इंधनाचा खर्च टाळायला जपानची अंतराळ संस्था जाक्सा हिने काढलेला उपाय तुमच्या भागात लगेच समजेल. मासेमारीची जाळी बनवणाऱ्या नित्तो सेइमो कंपनीबरोबर त्यांनी धातूच्या तारांची दोरी विणून घेतली. ती कचऱ्याला बांधून सोडली की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना तिच्यात वीज वाहते, त्या क्षेत्राची ओढ बसते आणि कचरा इंधन न जाळता खाली येत जातो. 2017 च्या सुरुवातीला 700 मीटरची दोरी कोउनोतोरी मालवाहू यानातून सोडून बघायची होती. ती रिळातून सुटलीच नाही.