अल्फा आला म्हणजे वैधता आली असं नाही

तुझं पत्र वाचलं. तुर्कस्तानातल्या इज्मीरच्या डायलिसिसच्या रुग्णांकडून हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केल, म्हणजे हॅड्स, ही चिंता आणि नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घेतलीस, नैराश्याच्या भागाचा क्रॉनबाखचा अल्फा ०.८६ आला, तरी गाइड विचारतात, "वैधता कुठाय?", म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं का? बरोबर विचारतात. त्या भागातल्या सात प्रश्नांची उत्तरं एकमेकांना धरून आहेत, अल्फा एवढंच सांगतो. एकच प्रश्न सात तऱ्हांनी विचारलास तर तो ०.९५च्याही पुढे जाईल. मोजलं ते नैराश्य की थकवा, हे कळायला माणूस समोर बसवून निदान करावं लागतं. मुलाखत हवी.

नव्यानं भाषांतर करत बसू नकोस. झिगमंड आणि स्नेथ यांची १९८३ची ही १४ प्रश्नांची चाचणी आयदेमिर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तुर्कीत तपासली आहे. मूळ मांडणीत दोन्ही भागांना ८ ते १० गुण काठावरचे, ११ किंवा जास्त म्हणजे आजार. तुर्कीत कटऑफ, म्हणजे आजार धरायची सीमा, निघाला चिंतेसाठी १०, नैराश्यासाठी ७. निदानासारख्या बाहेरच्या निकषाशी ताडल्याशिवाय असा फरक हाती लागत नाही. तुझ्या रुग्णांवर हेच आकडे चालतील का, तेही मुलाखतच सांगेल.

मुलाखत घेणाऱ्याला गुण दिसता कामा नयेत, एवढं कटाक्षानं पाळ. प्रश्न मागच्या आठवड्याबद्दल आहेत, म्हणून मुलाखत त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आणि फक्त जास्त गुणवाल्यांना बोलावू नकोस. कमी गुण मिळवूनही जे खरोखर खचलेले आहेत ते मग सापडतच नाहीत आणि संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या आजाऱ्यांतले किती पकडले तो हिस्सा, फुगते. सगळ्यांना जमत नसेल तर कमी गुणवाल्यांतून चिठ्ठ्या टाकून निवड आणि तो हिस्सा गणितात धर.

समज, २०० रुग्णांपैकी मुलाखतीत ४० जणांना नैराश्य निघालं. चाचणीनं त्यातले ३४ पकडले आणि उरलेल्या १६० मधले २४ उगाच पकडले. संवेदनशीलता ८५ टक्के, विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांतले किती बरोबर सोडले तो हिस्सा, तीही ८५. पण बोट ठेवलेल्या ५८ जणांपैकी आजारी ३४च, म्हणजे ५९ टक्के. मानसोपचाराच्या ओपीडीत निम्मे रुग्ण आजारी असतील तर हाच आकडा ८५ होतो. नमुना कुठून घेतला ते म्हणूनच ठळक लिही.

आठवा प्रश्न नीट बघ: मंदावल्यासारखं वाटतं का? झोप, भूक, अंगदुखी यांचे प्रश्न मुद्दाम टाळलेल्या चाचणीत शरीराच्या सर्वांत जवळ जाणारा हाच. डायलिसिस संपल्यावर गळून गेलेला माणूस "हो"च म्हणणार. रुग्णाला मशीनला लावण्याआधी फॉर्म भरून घे. नर्सनं वाचून दाखवून भरलेले फॉर्म वेगळे नोंदव. समोर माणूस असला की उत्तरं बदलतात.

मानसोपचारतज्ज्ञाला वेळ नाही, हे कारण मला चालणार नाही. नमुना लहान कर, पण मुलाखत सोडू नकोस. हट्ट म्हण हवं तर. नुसत्या अल्फावर "वैध" असा शिक्का मारला की पुढचे दहा जण तोच कटऑफ डोळे मिटून वापरतात आणि भोगतो रुग्ण.

अजून एक. हॅड्समध्ये आत्महत्येच्या विचारांचा प्रश्नच नाही, मुलाखतीत मात्र तो निघेल. तसा रुग्ण त्याच दिवशी कोणाकडे पाठवायचा, ते पहिल्या मुलाखतीआधी नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, डॉक्टरांशी बोलून लेखी ठरवून ठेव.