सहाशे यार्डांवरचा एल्क आणि घरी भरलेली काडतुसं

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, गेली नऊ वर्षं डेन्व्हरला आहे. ग्रीनकार्ड झालं, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झाला. ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतलीय, १०० यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात बसतात. ऑफिसमधला एकजण घरीच काडतुसं भरतो, तो शिकवायला तयार आहे. नोव्हेंबरात एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचंय, ५००-६०० यार्डांवरून मारता येईल अशी तयारी कशी करू?

उत्तर: रायफल छान निवडलीत, धक्का कमी त्यामुळे सराव भरपूर होतो. पण १०० यार्डांवरचा इंच म्हणजे ५०० वर पाच इंच, आणि तेही रेंजवर, टेबलावर, वारा पडलेला असताना. डोंगरात ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर गोळी फूटभर तरी बाजूला नेतो, आणि तुमच्यापाशी गवत हलत नसलं तरी मधल्या दरीत वारा असतोच. गोळीला तिथवर जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात एल्कने एक पाऊल टाकलं की छातीवरचा नेम पोटात. म्हणून पहिल्या सीझनला ३०० च्या पुढे जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

माझ्या दुसऱ्या वर्षी स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीच्या, रिंगचा एक स्क्रू ढिला झाला होता, ट्रकमध्ये हादरे बसून, आणि मी सकाळी तपासलं नाही. एल्क जखमी झाला. ॲस्पेन झाडांच्या पिवळ्या पानांवर रक्ताचे थेंब शोधत अंधार पडेपर्यंत फिरलो, दुसऱ्या दिवशीही गेलो, तो सापडला नाही. आजही ती पानं डोळ्यांसमोर येतात.

तेव्हा पैसे आधी स्कोप, रिंगा आणि माऊंटवर घाला. स्क्रू टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा, किती जोर ते बनवणाऱ्याने दिलेलं असतं. स्कोप सरळ बसलाय ना बघा, उभी रेघ कललेली असेल तर लांबवर गोळी बाजूला जाते. झीरो, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी येतील अशी जुळणी, २०० यार्डांवर करा.

आता काडतुसं. घरी भरण्याचा खरा फायदा म्हणजे एकसारखेपणा, जास्त वेग नाही. तीच पितळी केस (काडतुसाचं कवच), तोच प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), तीच बंदुकीची दारू, तीच बुलेट, यातलं काहीही बदललं की पुन्हा खालून सुरुवात. छापील मॅन्युअलमध्ये दारूचं सुरुवातीचं माप दिलेलं असतं तिथूनच चालू करा आणि थोडं थोडं वाढवा, मित्राच्या रायफलीत चालतं म्हणून त्याचं माप उचलू नका. बोल्ट (नळी मागून बंद करणारी खिट्टी) उचलायला जड जायला लागला किंवा प्रायमर चपटा दिसला की थांबायचं, कमाल माप अजून लांब असलं तरी. भरताना टेबलावर दारूचा एकच डबा ठेवा, फोन बाजूला. गोळीचा वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, मोजा, खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा २४ इंची नळीचा असतो, तुमची २२ ची असेल तर कमीच भरेल. आणि जुलैच्या उन्हात घेतलेला वेग नोव्हेंबरच्या थंडीत तसाच राहत नाही, म्हणून गार सकाळी पुन्हा मोजा. डेन्व्हर आणि १०,००० फुटांवरचा डोंगर, हवेत फरक आहे, तोही गोळीचा मार्ग काढणाऱ्या ॲपमध्ये घाला.

खरं सांगायचं तर वेळ कमी असेल तर यंदा चांगली शिकारीची तयार काडतुसं घ्या, भरायला हिवाळ्यात निवांत शिका.

एक अजून, कारण एच-१बीवाले वाचक विचारतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. तुम्हाला ग्रीनकार्डामुळे ती अडचण नाही.

सरावाला नऊ इंची कागदी प्लेट ३०० यार्डांवर लावा. टेबल नको, चढ चढून या, धाप लागलेली असताना पाठपिशवीवर रायफल टेकवून, थंड नळीने एकच गोळी मारा. असे पाच वेगवेगळे दिवस, पाचही आत बसल्या की मला लिहा, मग पुढच्या अंतराचं बोलू.