गळा आधी की गज?

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि व्हायोलिन शिकते. आता तिचे शिक्षक म्हणतात, तिने गाणंही शिकावं. वाजवणारीला गाणं कशाला? शाळा आणि ट्यूशन सांभाळून दोन-दोन क्लास जमत नाहीत. आणखी एक. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या औंधचं. तिथे गजाननबुवा जोशींना कोणी गवई म्हणतं, कोणी व्हायोलिनवाले. खरं काय?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी तुमच्या माहेरचं बोलू, म्हणजे मुलीचा प्रश्न सोपा होईल.

बुवा दोन्ही होते, आणि दोन्हींत पहिल्या पंगतीतले. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध दरबारचे गवई. त्यामुळे १९११ साली जन्मलेल्या गजाननबुवांना ग्वाल्हेरची गायकी घरातच मिळाली. तेवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. रामकृष्णबुवा वझे, जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ, सगळ्यांकडे ते शिकले. घराण्याची कुंपणं उंच असण्याचा तो काळ, हे लक्षात घ्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार वडिलांना १९५५ मध्ये आणि मुलाला १९७२ मध्ये मिळाला. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर हे गजाननबुवांचे शिष्य गाण्यातले, तर श्रीधर पार्सेकर व्हायोलिनमधले. आता सांगा, यातून गवई आणि वादक वेगळे कसे काढायचे?

बुवांच्या हातात गज, म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर फिरवायची काठी होती, पण त्यातून बाहेर येत होता तो ख्याल, म्हणजे गवयाचं गाणंच. आणि बुवा एकटेच असे नव्हेत. व्हायोलिनवादक एन. राजम कर्नाटक संगीताच्या घरातल्या. तरी उत्तरेकडचं संगीत शिकायला त्या ओंकारनाथ ठाकूरांकडे, म्हणजे एका गवयाकडेच गेल्या.

कारण साधं आहे. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. तो गेला हे कळायला आधी तो कानात आणि गळ्यात असावा लागतो. दुसरं, गज फिरवणं म्हणजे श्वास घेणं. बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, शब्द ठाऊक नसले की मुलं शब्दाच्या मधोमध गज परतवतात आणि ओळीचे दोन तुकडे होतात. माझ्याकडे यमन राग वाजवणारी मुलं 'नि रे ग' अशी काही घसरत जातात की ती मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणं) आहे की बोट निसटलंय, कळत नाही. मी वाद्य खाली ठेवायला लावतो आणि म्हणतो, गा. गायल्यावर बहुतेकांची घसरण निम्मी होते. (पालक मोबाईलवर सिनेमाच्या गाण्याची चाल वाजवताना मुलांना टिपतात. त्यात ही घसरण गोड वाटते, म्हणून ती सुटत नाही.)

तेव्हा शिक्षक बरोबर आहेत, पण वेगळा क्लास लावू नका. रोज तंबोऱ्याचं ॲप लावून ती जी बंदिश वाजवते तीच पंधरा मिनिटं शब्दांसकट गाऊ दे, मग वाद्य हातात. आवाज बसका असला तरी चालेल, मैफल करायची नाहीये. शिक्षक स्वतः शिकवताना गातात का, तेही बघा. न गाणाऱ्याकडे मी तरी माझं मूल पाठवणार नाही.

आणि दिवाळीच्या तोंडावर तिला औंधच्या संगीत महोत्सवाला न्या. अंतूबुवांनी तो १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केला. तुमचं तर माहेरच, मुक्कामाची चिंता नाही.

प्रश्न : मुलासाठी व्हायोलिन मिरजेतून घेऊ का? तिथली वाद्यं प्रसिद्ध आहेत ना?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : मिरजेचं नाव आहे ते सतार आणि तंबोऱ्यासाठी. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती भोपळ्याची कारागिरी. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसची आणि पाठ मेपलची, कामच निराळं. मिरजेला तंबोरा घ्या, व्हायोलिन दुकानात वाजवून बघून घ्या. 'वाढत्या वयाचं आहे' म्हणून पूर्ण मापाचं घेऊ नका. डावा हात सरळ केल्यावर वाद्याचं टोक मनगटाच्या आसपास यावं. जमलं तर भाड्याने घ्या, दोन वर्षांत माप बदलेल. वाजवून झालं की गज सैल करून ठेवायला मुलाला पहिल्याच दिवशी शिकवा.