सेगा मेगा ड्राइव्ह नुकताच मिळाला आहे. खेळांचा संग्रह कसा सुरू करावा?

तुम्ही लिहिले आहे की सेगा मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेम यंत्राचे पहिले मॉडेल, एक कंट्रोलर आणि ‘सोनिक द हेजहॉग’ या खेळाची सुटी कॅसेट एवढे तुमच्या हाती आले आहे आणि मूळ ॲडॅप्टर सोबत नाही. कोणते खेळ घ्यावेत, डबीसह घ्यावेत की सुटे, आणि सगळा संच जमवण्याच्या मागे लागावे का, हे तुमचे प्रश्न आहेत. मी बऱ्याच वर्षांपासून या यंत्राचे खेळ जमवत आलो आहे, आणि माझे सांगणे असे की खेळांची यादी करण्याआधी यंत्राची नीट ओळख करून घ्यावी. कोणती कॅसेट तुमच्याकडे चालेल, कोणती चांगली दिसेल आणि कशात पैसे घालण्यात अर्थ आहे, हे बरेचसे त्या ओळखीवरच ठरते.

त्यातही आधी ॲडॅप्टर. पहिल्या मॉडेलला 9 ते 10 व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो, विद्युतधारा किमान 1.2 अँपिअर मिळावी लागते, आणि पिनेच्या मध्यभागी ऋण टोक असते. निंटेंडोच्या एनईएस यंत्राचा ॲडॅप्टर याच भोकात सहज बसतो, पण तो एसी पुरवठा देतो आणि त्याने मेगा ड्राइव्ह निकामी होऊ शकतो. मेगा ड्राइव्हच्याच दुसऱ्या मॉडेलचा ॲडॅप्टरही इथे उपयोगाचा नाही, कारण त्याची पीन वेगळी असून ध्रुवही उलटे असतात. तेव्हा घरात सापडलेला, दिसायला तसाच असलेला कुठलाही ॲडॅप्टर ‘लावून तर पाहू’ म्हणून लावू नका. त्यावर छापलेले आकडे आणि ध्रुवांची आकृती वाचल्याखेरीज बटण दाबायचे नाही.

आता ओळख. हे यंत्र जपानमध्ये 29 ऑक्टोबर 1988 रोजी, उत्तर अमेरिकेत 1989 मध्ये ‘जेनेसिस’ या नावाने आणि युरोपात 1990 मध्ये विक्रीला आले. पहिल्या मॉडेलवर पुढे हेडफोनची जागा आणि आवाजाची सरकपट्टी असते. कॅसेटच्या खाचेभोवतीच्या गोलावर ‘हाय डेफिनिशन ग्राफिक्स’ अशी अक्षरे असतील, तर यंत्र सहसा सुरुवातीच्या काळातले असते, आणि त्या काळातल्या यंत्रांचा आवाज जाणकारांना अधिक स्वच्छ वाटतो. यंत्र सुरू करताच सेगाच्या परवान्याचा मजकूर काळ्या पडद्यावर क्षणभर दिसत असेल, तर मात्र ते थोडे नंतरचे आहे. विनापरवाना खेळ रोखण्यासाठी सेगाने ही तपासणी यंत्रात बसवली होती. तिचा एक परिणाम असा की ‘बुडोकान’ किंवा ‘झेनी गोल्फ’ यांसारख्या खेळांच्या अगदी पहिल्या आवृत्त्या अशा यंत्रावर चालत नाहीत. त्या चालल्या नाहीत म्हणून विकणाऱ्याने फसवले, असे लगेच समजू नका.

याबरोबर यंत्र कोणत्या प्रदेशासाठी बनले आहे, हेही पाहा. युरोपीय यंत्र सेकंदाला 50 चौकटी दाखवते, तर जपानी आणि अमेरिकी यंत्रे 60. ज्या खेळांत या फरकासाठी बदल केलेले नाहीत, ते युरोपीय यंत्रावर सुमारे 17 टक्के संथ चालतात, आणि तुमच्याकडचा पहिला ‘सोनिक’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे, कारण त्यात संगीतसुद्धा रेंगाळते. जपानी कॅसेटचा आकार वेगळा असल्याने ती अमेरिकी यंत्राच्या खाचेत बसत नाही. उलट जपानी यंत्रात चालू करण्याच्या बटणाबरोबर एक प्लॅस्टिकची जीभ सरकून कॅसेटच्या खोबणीत शिरते, आणि ज्या कॅसेटला ती खोबणीच नाही तिच्यामुळे बटण पुढे सरकत नाही. सुरुवातीच्या खेळांत अडथळा बहुधा एवढाच, म्हणजे आकाराचा असतो. नंतरच्या अनेक खेळांत मात्र प्रदेशाची तपासणी खेळाच्या आज्ञावलीतच आहे, आणि तिच्यापुढे नुसता आकार जुळवून भागत नाही.

चित्राबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ जण नव्या टीव्हीवर हे यंत्र लावून निराश होतात आणि खोट खेळांत शोधू लागतात. मेगा ड्राइव्ह ज्या प्रकारचा संकेत देतो त्याला 240पी म्हणतात, म्हणजे दर चौकटीत 240 आडव्या रेघा. अनेक नवे टीव्ही त्याला जुन्या प्रक्षेपणातला, एकाआड एक रेघा पाठवणारा 480आय संकेत समजतात, त्यामुळे हलत्या वस्तूंच्या कडा विस्कटतात, लुकलुकणारी पात्रे नाहीशी होतात आणि बटण दाबल्यावर प्रतिसाद उशिरा येतो. जुना काचेच्या नळीचा टीव्ही मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही. तो नसेल, तर यंत्रातून मूळचाच मिळणारा आरजीबी संकेत (त्यात लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळे जातात) चांगल्या तारेने बाहेर घेऊन तो ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारख्या उपकरणाकडून नव्या टीव्हीसाठी वाढवून घ्यावा. गंमत अशी की स्वच्छ चित्र सगळ्याच बाबतींत सरस ठरत नाही. ‘सोनिक’च्या पहिल्याच टप्प्यातले धबधबे उभ्या रेघांनी रंगवले आहेत. सगळे रंग एकाच संकेतात मिसळून नेणाऱ्या साध्या कंपोझिट तारेवर त्या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसते, आणि आरजीबीवर त्या निव्वळ रेघाच राहतात. चित्रकारांनी त्या काळच्या टीव्हीचा अंधुकपणा हिशेबात धरला होता. आवाजाचे म्हणाल तर पहिल्या मॉडेलच्या मागच्या जोडणीतून फक्त मोनो आवाज निघतो, स्टिरिओ हवा असेल तर तो पुढच्या हेडफोनच्या जागेतून घ्यावा लागतो.

आता खेळ. ‘सर्वोत्तम पन्नास’ छापाच्या याद्या बाजूला ठेवा आणि यंत्राला काय चांगले जमते, ते पाहून एखादा धागा पकडा, असे मी सुचवेन. मेगा ड्राइव्हचा मुख्य प्रोसेसर मोटोरोला 68000 आहे, आणि सेगाच्या ‘सिस्टिम 16’ या आर्केड यंत्रांतही, म्हणजे खेळघरांत नाणे टाकून खेळायच्या यंत्रांतही, तोच होता. त्यामुळे आर्केडमधले खेळ या घरगुती यंत्रावर आणणे त्या काळाच्या मानाने सोपे गेले. ‘गोल्डन ॲक्स’, ‘सुपर हँग-ऑन’ आणि ‘घोल्स अँड घोस्ट्स’ हे खेळ त्याची साक्ष देतात. दुसरा धागा आवाजाचा. यामाहाच्या वायएम2612 चिपमध्ये एफएम पद्धतीच्या, म्हणजे एका ध्वनिलहरीने दुसरी बदलून सूर घडवणाऱ्या, सहा वाहिन्या आहेत. सामान्य संगीतकाराच्या हाती ती पत्र्यासारखी वाजते, पण युझो कोशिरोने ‘द रिव्हेंज ऑफ शिनोबी’ आणि ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’च्या पहिल्या दोन भागांत तिच्याकडून जे काढून घेतले आहे ते आजही थक्क करते. 1992 चा ‘स्ट्रीट्स ऑफ रेज 2’ ही माझ्या मते तुमची पहिली खरेदी असावी, आणि तो दोघांनी खेळण्यात खरी मजा असल्यामुळे दुसरा कंट्रोलरही त्याच वेळी घ्यावा. तो कंट्रोलर सहा बटणांचा घेतलेला बरा. काही जुन्या खेळांना तो ओळखता येत नाही, पण ‘मोड’ बटण दाबून धरून यंत्र सुरू केले की तो तीन बटणांच्या कंट्रोलरसारखा वागतो.

कोनामीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1992 मध्ये स्थापन केलेल्या ट्रेझर या कंपनीचा ‘गनस्टार हिरोज’, कोनामीचेच ‘रॉकेट नाइट ॲडव्हेंचर्स’ आणि ‘काँट्रा : हार्ड कोर’, अंतराळातल्या गोळीबाराची आवड असेल तर ‘थंडर फोर्स’चा तिसरा आणि चौथा भाग, आणि सावकाश चालणारी कथा हवी असेल तर ‘फँटसी स्टार 4’ किंवा ‘शायनिंग फोर्स’ : यांतल्या ज्या दिशेने मन ओढ घेईल तिकडे जावे. प्रादेशिक आवृत्त्यांतले फरकही तपासत जा. ‘काँट्रा : हार्ड कोर’च्या जपानी आवृत्तीत खेळाडू एका आयुष्यात तीन फटके सोसू शकतो, अमेरिकी आवृत्तीत एकाच फटक्याने मरतो, आणि युरोपात तोच खेळ माणसांऐवजी यंत्रमानव घालून ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला. मारामारीच्या आणि गोळीबाराच्या खेळांत वाचण्याजोगे फारसे नसल्यामुळे जपानी आवृत्ती घेण्यात भाषेची अडचण येत नाही. कथाप्रधान खेळांत ती नक्की येते.

तुमच्याकडच्या कॅसेटला धरून पुढे जायचे असेल, तर 1994 चा ‘सोनिक अँड नकल्स’ जरूर शोधा. त्या कॅसेटच्या डोक्यावर दुसरी कॅसेट बसवता येते. ‘सोनिक 3’ बसवली की दोन्ही मिळून एक मोठा खेळ तयार होतो, ‘सोनिक 2’ बसवली की त्यात नकल्स हे पात्र खेळायला मिळते, आणि पहिला ‘सोनिक’ बसवला तर निळ्या गोळ्यांचे कोडेवजा खेळ उघडतात.

डबीसह की सुटे, हे तुम्हाला खेळायचे आहे की मांडायचे आहे यावर ठरवा. मी सुटी कॅसेट घेण्याच्या बाजूचा आहे, पण या यंत्राच्या बाबतीत डबीचा मोह क्षम्य आहे, कारण बहुतेक खेळ टणक प्लॅस्टिकच्या डबीत येत आणि त्या डब्या पुस्तिकेसकट टिकून राहिल्या आहेत. अमेरिकेत नंतरच्या काळात पुठ्ठ्याची खोकी आली आणि ती फार लवकर चिरडतात. त्या काळातला धड खोका दुर्मीळ असतो, म्हणून सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

पूर्ण संचाच्या मागे मात्र लागू नका. या यंत्राच्या खेळांत क्रीडाप्रकारांचा भरणा इतका आहे की दरवर्षी निघणाऱ्या अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल आणि गोल्फच्या कॅसेट्सनीच तुमचे कपाट भरेल. त्या सहज आणि स्वस्तात मिळतात म्हणून नवखा संग्राहक एकगठ्ठा उचलतो आणि मग त्यांतली एकही पुन्हा यंत्रात जात नाही. अपवाद म्हणून ‘एनएचएल 94’ ठेवा. आइस हॉकीचे नियम ठाऊक नसले तरी तो रंगतो.

मागणी असलेल्या खेळांच्या नकली कॅसेट्स पुष्कळ आहेत, आणि ‘एलियन सोल्जर’सारखा दुर्मीळ खेळ वाजवीपेक्षा स्वस्तात दिसला तर आधी शंकाच घ्यावी. लेबलाची छपाई फिकट किंवा अतिचकचकीत असणे, प्लॅस्टिकवरची अक्षरे पुसट असणे या खुणा उपयोगी पडतात, पण खात्री कॅसेट उघडल्यावरच होते. त्यासाठी विशेष तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर मिळतो, तो घेऊन ठेवा. अस्सल सर्किट बोर्डवर कंपनीची छापील खूण आणि नीट क्रमांकित चिप असते. नकलेत बऱ्याचदा काळ्या गोळ्याखाली झाकलेली किंवा 3.3 व्होल्टची चिप 5 व्होल्टवर चालवलेली आढळते, आणि अशी जोडणी यंत्राच्याही हिताची नसते. ‘फँटसी स्टार’ किंवा ‘शायनिंग फोर्स’सारख्या कॅसेट्समध्ये खेळाची प्रगती जपण्यासाठी नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. इतक्या वर्षांनी ती संपलेली असणे स्वाभाविक आहे. खेळ त्याने बिघडत नाही, फक्त प्रगती साठवली जात नाही. बॅटरी बदलणाऱ्याला नव्या बॅटरीवर थेट डाग (सोल्डर) देऊ नका, पट्ट्या असलेली बॅटरी किंवा खोबण वापरा, असे सांगावे.

कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारण्याची जुनी सवय सोडा, कारण तोंडातल्या ओलाव्याने धातूचे संपर्क कालांतराने गंजतात. किमान 90 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून संपर्क पुसावेत, काडीवर काळे येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहाव्यात, आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवावी. न चालणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅसेट्सपैकी पुष्कळशा एवढ्याने सुरू होतात.

जोडयंत्रांची ओढ तुम्हाला लवकरच लागेल. सीडीवरचे खेळ चालवणारे मेगा सीडी आणि यंत्राची ताकद वाढवणारे 32एक्स या दोघांनाही स्वतःचा वेगळा ॲडॅप्टर लागतो, म्हणजे भिंतीवर तीन ठोकळे होतात, आणि 32एक्ससाठीचे खेळ जेमतेम चाळीसच्या आसपास आहेत. ती आत्ता नकोत. त्यांच्याऐवजी ‘पॉवर बेस कन्व्हर्टर’ पाहा. मेगा ड्राइव्हमध्ये आवाजाचे काम करणारा झेड80 प्रोसेसर हाच सेगाच्या आधीच्या मास्टर सिस्टिम यंत्राचा मुख्य प्रोसेसर होता, त्यामुळे हा कन्व्हर्टर खाचेत बसवला की त्या जुन्या यंत्राचे खेळ याच यंत्रावर चालतात. दुसऱ्या मॉडेलवर तो काटछाट केल्याशिवाय बसत नाही. तुमच्या मॉडेलसाठीच तो घडवला होता.