रेडिएटर बदलल्यावर काटा वर-खाली होतोय? आधी हवा काढा

भाऊ, तुम्ही म्हणताय रेडिएटर बदलल्यापासून चाळीसगाव-धुळे रोडवर इंजिनच्या तापमानाचा काटा मधेच चढतो मधेच उतरतो, कूलंटच्या बाटलीत कूलंट तर पुरेसं दिसतंय आणि मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदला म्हणतोय. जरा थांबा. गाडी चांगली तापली की हीटर फुल गरमवर करा, तरी थंड हवा आली आणि डॅशबोर्डच्या मागून तांब्यातून पाणी ओतल्यासारखं गुडगुड ऐकू आलं तर आत हवा अडकलीय.

हवा उंच जागा धरून बसते, बहुतेक वेळा हीटरच्या जाळीत. वॉटर पंपाला पाणी ढकलता येतं, हवा नाही, आणि सेन्सरपाशीच बुडबुडा असला तर काटा खोटं दाखवतो, म्हणून काटा खाली आला तरी निर्धास्त राहू नका.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना करा. गाडीचं तोंड चढाकडे, हँडब्रेक, चाकांमागे दगड. हीटर फुल गरम, ब्लोअर हळू. रेडिएटरचं झाकण काढून रिकामी पाण्याची बाटली कापून त्याच्या तोंडात नरसाळ्यासारखी घट्ट बसवा आणि कूलंट हळूहळू ओता, ती अर्धी भरलेली राहू द्या. थर्मोस्टॅटजवळ हवा काढायचा स्क्रू असेल तर थोडा ढिला करा, बुडबुडे थांबून सलग धार लागली की आवळा. मग गाडी चालू करून नुसती आयडलवर ठेवा, रेस करू नका. ८०-९० डिग्रीला थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) तापतो आणि भसाभस मोठे बुडबुडे येतात, घाबरू नका, ओतत राहा. जाड फडकं धरून होज दाबा, पण पंख्यापासून हात लांब. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटर गरम फेकायला लागला की गाडी बंद करा, पूर्ण गार झाल्यावर पातळी बघूनच झाकण लावा.

आणि तापलेल्या गाडीचं झाकण कधीच उघडू नका. मी कन्नड घाटात घाई केली, मनगट भाजलं. दाबाखाली पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण निघालं की त्याच क्षणी उसळतं.

बोअरचं पाणी टाकू नका, घागरीला धरतो तोच पांढरा थर रेडिएटरमध्ये बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

अर्ध्या तासानंतरही बारीक बुडबुडे येतच राहिले, किंवा रोज सकाळी पातळी कमी दिसली आणि बाहेर कुठे गळती नाही, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) तपासून घ्या आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका, मे महिन्यात तर अजिबात नाही. गाडी कोणती ते सांगा, स्क्रू कुठे असतो ते सांगतो.