गावात शाश्वत पर्यटन सुरू करायचंय, तर आधी खोल्या बांधू की वेबसाइट करू?

तुम्ही लिहिलंय की एका गावाने तुमच्या संस्थेला बोलावलंय, निसर्ग छान आहे, लोक उत्साही आहेत, थोडा निधीही हातात आहे, तर सुरुवात होमस्टेच्या खोल्यांपासून करू की वेबसाइटपासून. खरं सांगू का, दोन्ही नको. निदान पहिले सहा महिने तरी नको.

मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि पहिल्याच गावात आम्ही नेमकी हीच माती खाल्ली होती. मुदतीच्या आत निधी खर्ची पडायला हवा म्हणून घाईघाईत आठ खोल्या बांधल्या, उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि प्रकल्प संपला तसं बुकिंगचे फोन उचलणारा माणूसच उरला नाही, कारण तो आमच्या पगारावर होता. आता त्या खोल्यांत चारा भरून ठेवतात. चूक गावाची नव्हती, आमची होती.

तेव्हापासून कुठेही गेलो की मी दोनच गोष्टी विचारतो. पाहुण्याचा पैसा शेवटी कुणाच्या हातात जाणार? आणि "आता बास, अजून माणसं नकोत" असं म्हणायचा अधिकार कुणाला असणार?

पैशाचं आधी बघू. गावबैठकीत जमिनीवर खडूने चित्रच काढायला लावा, पाहुण्याने शंभर दिले तर त्यातले एजंटला किती, गाडीवाल्याला किती, बाहेरून आणलेल्या सामानाला किती, आणि गावात किती उरले. बऱ्याचदा उरलेला आकडा बघून सगळे गप्प होतात. मग खरी चर्चा सुरू होते, की गाडी गावातल्या पोराची असू शकते का, वाटाड्या गावातला का नाही, भाजी गावातल्याच शेतातून का येत नाही. हे झालं की मग पाळीचा विषय काढा. बुकिंग एकाच ठिकाणी यावं आणि पाहुणे पाळीने घरोघरी जावेत, दर सगळ्यांचा सारखा, आणि प्रत्येक बुकिंगमधला ठरलेला हिस्सा गावाच्या सामाईक खात्यात. नाहीतर रस्त्याला लागून ज्याचं घर आहे तोच कमावतो, बाकीचे भाव पाडायला लागतात आणि वर्षभरात गावात दोन गट. नेपाळमध्ये अन्नपूर्णा भागात १९८६ मध्ये घांद्रुक गावापासून निसर्गसंवर्धनाचं काम सुरू झालं तेव्हा लॉजवाल्यांच्या समित्या करून दर आणि मेन्यू एकसारखे ठरवले, आणि ट्रेकर्सच्या चुलीसाठी जंगल तुटत होतं म्हणून लॉजमध्ये लाकडाऐवजी रॉकेल वापरायला लावलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण भाव पाडायची स्पर्धा थांबल्याशिवाय महागडं रॉकेल कुणी विकत घेतलं असतं का?

आणि हो, होमस्टे म्हणजे त्या घरातल्या बाईचं काम दुप्पट, हे कुणी बैठकीत बोलत नाही. चादरी, भांडी, पहाटेचा चहा सगळं तिच्या अंगावर आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात. मी आता स्पष्टच सांगतो की खातं तिच्या नावाचं असेल तरच त्या घराला पाळी. यावरून वाद होतात. होऊ द्या.

आता "बास" म्हणायचं बघा. हिशोब साधा आहे, दहा खोल्या, वीस पाहुणे, माणशी दिवसाला १०० लिटर धरलं तरी रोज २,००० लिटर पाणी गेलं, आणि बहुतेक ठिकाणी सीझन नेमका विहिरी आटायच्या वेळेला येतो. म्हणून खोल्यांचा आकडा उन्हाळ्यातल्या पाण्यावरून काढायचा, निधीवरून नाही. सांडपाणी आणि कचऱ्याचंही तेच, हे मागाहून बघू म्हणलं की संपलं. थायलंडचा माया बे हा समुद्रकिनारा २०१८ च्या जूनमध्ये बंद करावा लागला, गर्दी आणि बोटींनी प्रवाळाची वाट लावली होती, तो उघडायला २०२२ चा जानेवारी उजाडला. फिलिपिन्सचं बोराकाय बेटही २०१८ मध्येच सांडपाण्यापायी सहा महिने बंद होतं. तुम्ही म्हणाल ती जगप्रसिद्ध ठिकाणं, आमच्याकडे कोण येतंय. अहो, एक रील व्हायरल झालं की पुढच्या रविवारी चाळीस गाड्या उभ्या असतात, आणि लहान गावाला तेवढ्या पुरेशा आहेत.

पण हा अधिकार नुसता बैठकीत ठरवून भागत नाही, कागदावर लागतो. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावसमूहांना आपल्या जमिनीवरच्या वन्यजीवांचे आणि त्यातून येणाऱ्या पर्यटनाचे हक्क दिले, म्हणून तिथले लोक लॉज कंपन्यांशी करार करताना आपल्या अटी मांडू शकतात. तुमच्या गावाला असा काही हक्क नसेल तर वाट, तळं, जंगल नेमकं कुणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा, नाहीतर धंदा चालायला लागला की बाहेरचा कुणीतरी शेजारची जमीन घेऊन रिसॉर्ट टाकतो आणि तुमची पाळी, दर, सामाईक खातं सगळं बाजूला पडतं.

खोल्या लागल्याच तर रिकामी घरं मोजा. इटलीत फ्रिउली भागात १९७६ च्या भूकंपानंतर ओस पडलेली घरं वापरायच्या विचारातून "विखुरलेलं हॉटेल" ही कल्पना निघाली, एका घरात रिसेप्शन आणि खोल्या गावभर. नवीन सिमेंट कमीत कमी.

शेती सोडून कुणी पूर्णवेळ यात उतरायला निघालं तर मी तरी अडवतो. २०२० मध्ये कोरोनामुळे पाहुणे यायचे एका दिवसात बंद झाले, आणि ज्यांची शेतंगुरं चालू होती तेच तगले.

पहिल्या सीझनला चार-पाचच घरं घ्या, ओळखीतले लोक बोलवा पण पैसे घेऊनच, फुकटचा पाहुणा तक्रार करत नाही आणि त्यातून काही कळतही नाही. पाहुणे गेल्यावर संध्याकाळी त्या घरी बसून विचारा, जड गेलं का, कुठे नकोसं वाटलं. एखादं घर दुसऱ्या वर्षी "आम्हाला नको" म्हणालं तर समजूत काढायला जाऊ नका, पाळीतून नाव काढा आणि पुढच्या वर्षी परत विचारा.