शेताचं घड्याळ ऋतूप्रमाणे फिरवा

भाऊ, पहिल्याच वर्षी बाराही महिने सकाळी ७ ते ५ असं वेळापत्रक बांधू नको. आपल्याकडे विदर्भात जूनमध्ये साडेपाचच्या सुमारासच सूर्य उगवतो आणि दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा असतो. डिसेंबरात सूर्य पावणेसातला उगवतो, साडेपाचनंतर मावळतो.

उन्हाळ्यात पहाटेच वावरात पोच. अकराच्या आत घरी ये, चारपर्यंत बाहेर पडू नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तिथे हिंमत कामाला येत नाही. डोक्याला दुपट्टा बांध, सोबत कांदा नि मठ्ठा असू दे. दुपारी झोप लागली तर खुशाल झोप. रात्र लहान असते, ती झोप कुठूनतरी भरून काढायलाच हवी.

कापूस वेचणीला मात्र उलटं. थंडीत बोंडांवर दहिवर असतं, ओला कापूस घरात काळवंडतो आणि भावही पडतो. म्हणून उन्हं चांगली वर आल्यावरच वेचणी सुरू कर. सकाळचा तो वेळ गुरांना आणि चहाला दे.

हरभऱ्याच्या ओलिताला बरेचदा रात्रीच लाईन (वीज) मिळते. रात्री पाणी दिलंस की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड काम ठेवू नको. टॉर्च आणि गमबूट विसरू नको, सापाची मला फार काळजी वाटते.

श्रावणात ढगाळ दिवसांत अंग जड होतं. त्या दिवसांत अवजारं दुरुस्त कर, हिशेब लिही. उघडीप मिळाली की निंदणाला लाग.